विमानाच्या इंजिनातलं कूलंट उकळण्यापासून कसं वाचवायचं

कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा काटा ११० अंशांवर आहे. हे ठीक आहे की धोक्याचं? एवढ्या माहितीवर उत्तर देता येत नाही. प्रेशर कॅप (यंत्रणेत दाब धरून ठेवणारं झाकण) १.२ बार दाब धरून असेल तर समुद्रसपाटीला पाणी-ग्लायकॉलचं ५०-५० मिश्रण १३० अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं, म्हणजे ११० अंशांना वीसेक अंश हातात आहेत. तीच कॅप पूर्ण गळत असेल आणि विमान १०,००० फुटांवर असेल तर मिश्रण ९७ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. काटा ११० वर पोचायच्या आत हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरच्या भागात, वाफ झालेली असते.

म्हणून तापमानापेक्षा एक वेगळा आकडा डोक्यात ठेवा: आत्ताच्या दाबाला असलेला उकळबिंदू वजा आत्ताचं तापमान. याला आपण राखीव अंश म्हणू. खाली जे काही सांगितलं आहे ते हे राखीव अंश मोजण्यासाठी, वाढवण्यासाठी आणि ते कुठे गळतात हे शोधण्यासाठी आहे. नजरेसमोर लहान पेट्रोल इंजिनं आहेत, ज्यांची सिलिंडर हेड द्रवाने थंड होतात आणि ज्यांच्यात दोन ते चार लिटर कूलंट मावतं. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा इथल्यापेक्षा वेगळा असेल तर मॅन्युअलचाच पाळा.

उकळणं दोन प्रकारचं असतं

हेडमध्ये सगळ्यात तापलेली जागा म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटभोवतीची भिंत. तिच्यावरून वाहणारं कूलंट ९५ अंशांचं असलं तरी भिंतीचा पृष्ठभाग उकळबिंदूच्या वर गेलेला असू शकतो. तो पाच-दहा अंशांनी वर गेला की तिथे बारीक बुडबुडे फुटू लागतात, आणि हे चांगलं असतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना २२५७ जूल उष्णता शोषली जाते. तेवढ्याच उष्णतेत ५४ ग्रॅम पाणी दहा अंशांनी तापलं असतं. बुडबुडा सुटून थंड प्रवाहात शिरतो, तिथे विरतो आणि आपली उष्णता प्रवाहाला देऊन टाकतो. वाफ रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. जोरात काम करणाऱ्या कुठल्याही द्रवशीतित इंजिनात हे चालूच असतं आणि भिंत त्यामुळेच आटोक्यात राहते.

बुडबुड्यांना विरायला थंड द्रव मिळाला नाही, किंवा ते सुटण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार होऊ लागले, की ते एकमेकांत मिसळतात आणि भिंतीवर वाफेची चादर पसरते. वाफेची उष्णतावाहकता पाण्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाएवढी असते. धातू आणि द्रव यांचा संबंधच तुटतो. जपानी संशोधक शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये पाण्यात बुडवलेल्या तापत्या तारेवर हे दाखवून दिलं: उष्णता वाढवत नेली तर एका मर्यादेपर्यंत तारेचं तापमान हळूहळू चढतं, आणि ती मर्यादा ओलांडताच एकदम शेकडो अंशांनी उडी घेतं. साध्या दाबाला, न वाहणाऱ्या पाण्यात ही मर्यादा साधारण दहा लाख वॅट प्रति चौरस मीटर असते आणि तेव्हा पृष्ठभाग उकळबिंदूच्या तीसेक अंश वर असतो. प्रवाह वेगवान आणि थंड असेल तर मर्यादा वर सरकते. प्रवाह मंदावला, दाब उतरला किंवा ग्लायकॉल जास्त झालं की खाली येते.

पायलटच्या दृष्टीने सगळ्यात फसवी गोष्ट अशी की कूलंटमधला सेन्सर हे पाहू शकत नाही. उकळणारा द्रव उकळबिंदूपाशी अडकून राहतो, म्हणून काटा चढता चढता एका जागी थांबतो. थांबला म्हणजे आवरलं, असं समजू नका. कूलंट निघून गेलं तर सेन्सर वाफेत किंवा हवेत लोंबकळतो आणि काटा चक्क खाली येतो. धातूचं तापमान मोजणारा सेन्सर त्याच वेळी वर जात असतो. तुमच्या इंजिनाला यांतला कुठला सेन्सर आहे हे आजच पाहून घ्या, कारण एकाच इंजिन-मालिकेत उत्पादनवर्षानुसार दोन्ही प्रकार सापडतात आणि दोन्हींची लाल रेघ वेगळी असते.

राखीव अंश मोजणं

उकळबिंदू ठरवतो तो निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब अधिक कॅपने धरलेला दाब (१ बार म्हणजे १००० हेक्टोपास्कल). प्रमाण वातावरणात हवेचा दाब समुद्रसपाटीला १०१३ हेक्टोपास्कल, ५,००० फुटांवर ८४३, १०,००० वर ६९७ आणि १५,००० वर ५७२ असतो. उघड्या भांड्यातलं साधं पाणी या उंचींवर अनुक्रमे १००, ९५, ९० आणि ८५ अंशांना उकळतं. दर हजार फुटांमागे एक अंश, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. ५०-५० इथिलीन ग्लायकॉल मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश वर उकळतं.

त्यात कॅपचा दाब मिळवला की चित्र असं दिसतं. १.२ बारची कॅप असेल तर ५०-५० मिश्रण समुद्रसपाटीला सुमारे १३२ आणि १०,००० फुटांवर सुमारे १२७ अंशांना उकळेल. ०.९ बारची कॅप असेल तर हेच आकडे १२७ आणि १२२ च्या आसपास येतात. कॅप नसल्यातच जमा असेल तर १०८ आणि ९७.

आता १२७ आणि ९७ यांतला फरक पाहा. १०,००० फुटांवर एक चांगली कॅप तीस अंश देते. दुसरा कुठलाही एक भाग बदलून एवढे अंश मिळत नाहीत. आणि अर्धवट बिघडलेली कॅप, समजा १.२ ऐवजी ०.५ बारलाच सुटणारी, त्याच उंचीवर उकळबिंदू ११३ वर आणून ठेवते. मॅन्युअलमध्ये कूलंटची कमाल मर्यादा १२० अंश लिहिलेली असेल तर ती रेघ कॅपच्या भरवशावर आखलेली आहे. कॅप तपासली नसेल तर त्या रेघेला अर्थ उरत नाही.

सलग उड्डाणात वीस राखीव अंश ठेवावेत असं माझं मत आहे. म्हणजे १.२ बारची निरोगी कॅप आणि १०,००० फूट असेल तर १०५ ते १०७ अंशांच्या वर रेंगाळायचं नाही. चढाईच्या शेवटी थोडा वेळ दहापर्यंत खाली आलं तर चालतं. बुडबुडे विरण्यासाठी द्रव उकळबिंदूपेक्षा ठसठशीत थंड असावा लागतो. हे वीस अंश त्यासाठीच आहेत.

मिश्रण

रिफ्रॅक्टोमीटर घ्या, म्हणजे मिश्रणात ग्लायकॉल किती टक्के आहे ते दाखवणारं उपकरण. त्यावर इथिलीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पट्ट्या वेगळ्या असतात, योग्य ती वाचा. थंड इंजिनातून एक थेंब पुरतो. वाचन ४५ ते ५५ टक्क्यांच्या बाहेर असेल तर नुसतं वरून भरून दुरुस्त करत बसू नका. काढा आणि नव्याने भरा.

चूक दोन्ही बाजूंनी होते. तयार मिश्रणाच्या डब्यात पुन्हा निम्मं पाणी घातलं की ग्लायकॉल पंचवीस टक्क्यांवर येतं आणि गंज रोखणारी रसायनंही निम्मी होतात. उलट, दर वेळी वरून शुद्ध ग्लायकॉल ओतत गेलं की काही महिन्यांत ते सत्तर टक्क्यांवर जातं. उकळबिंदू वाढला म्हणून हे बरंच झालं असं वाटतं, पण तसं नाही. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं हे खरं. पण पाणी प्रति किलो प्रति अंश ४.२ किलोजूल उष्णता वाहून नेतं, गरम ५०-५० मिश्रण सुमारे ३.५, आणि गरम शुद्ध ग्लायकॉल जेमतेम २.७. ते दाटही असतं, त्यामुळे भिंतीजवळचा प्रवाह मंदावतो. काटा शांत दिसतो आणि धातू मात्र जास्त तापतो. गोठण्याच्या बाबतीतही शुद्ध ग्लायकॉल वाईटच: ते उणे तेरा अंशांच्या आसपास गोठतं आणि ५०-५० मिश्रण उणे सदतीसपर्यंत टिकतं. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल होतं. पुढे दाबाखालचं ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल आलं. कारण हेच: उष्णता वाहायला पाण्यासारखं दुसरं काही नाही, फक्त त्याला दाबाखाली ठेवता आलं पाहिजे.

पाणीविरहित कूलंट वापरण्याची परवानगी तुमच्या इंजिनाला असेल तर त्याचा हिशेब वेगळा असतो. त्याला दाबाची गरज फारशी नसते, पण धातूचं तापमान वाढतं. म्हणून त्याच्यासाठी हेडच्या धातूची मर्यादा पाळायची, कूलंटची नाही. दोन प्रकार कधीही एकत्र करू नका. आधीचं पाणी यंत्रणेत राहिलं तर उंच उकळबिंदूचा फायदाच संपतो.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्डच हवं. नळाच्या पाण्यातला क्षार बसतो तो नेमका सर्वांत गरम भिंतीवर, कारण वाफ तिथे होते आणि क्षार मागे राहतो. या थराची उष्णतावाहकता दीड वॅट प्रति मीटर-अंशाच्या आसपास, तर हेडच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची दीडशेच्या घरात. भिंतीतून पाच लाख वॅट प्रति चौरस मीटर जात असतील तर मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा थरही धातू तीसेक अंशांनी जास्त तापवतो. काट्यावर यातलं काहीच दिसत नाही. अशा हेडमध्ये नॉकिंग (इंधनाचं अवेळी, ठोके देत जळणं) सुरू झालं की लोक इंधनाला दोष देतात.

प्रेशर कॅप

दरवर्षी, आणि कूलंट बदलताना प्रत्येक वेळी, कॅप काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावा. रबरी सील आधी कूलंटने ओलं करा. दाब हळूहळू वाढवा; लिहिलेल्या दाबाच्या आसपास सुटली पाहिजे आणि त्याच्या थोडं खाली मिनिटभर तरी धरून राहिली पाहिजे. आधीच फुसफुसत असेल तर बदला. सील घासून-पुसून पुन्हा लावण्यात अर्थ नाही. कॅप ज्यावर बसते त्या एक्सपान्शन टँकच्या मानेची कड, जिथे सील बसतं, बोटाने फिरवून पाहा. तिथला एक ओरखडा नव्या कॅपलाही निकामी करतो.

कॅपमध्ये दुसरा, उलटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन निवताना आत पोकळी तयार होते आणि हा व्हॉल्व्ह ओव्हरफ्लो बाटलीतून द्रव परत आत घेतो. तो चिकटला की दुसऱ्या दिवशी सकाळी होस पाइप चपटे झालेले दिसतात. बाटलीची नळी तळापर्यंत बुडलेली हवी आणि कॅपपासून बाटलीपर्यंत कुठेही सैल नको. एक सैल जोड असेल तर निवताना द्रवाऐवजी हवा आत ओढली जाते, आणि दर उड्डाणागणिक थोडी थोडी वाढत जाते. बाटलीचं झाकण मात्र श्वास घेणारं हवं. ५०-५० मिश्रण २० अंशांवरून ११० पर्यंत तापताना सुमारे सहा टक्के फुगतं. तीन लिटरच्या यंत्रणेत जवळपास १८० मिली. बाटलीत खालच्या खुणेच्या वर तेवढी जागा आणि वर थोडी मोकळीक असायला हवी.

गरम इंजिनाची कॅप उघडू नका, हे सगळे सांगतात. का, ते आकड्यात पाहा. तीन किलो कूलंट ११५ अंशांवर आहे आणि दाब अचानक सुटला तर ते १०८ अंशांवर येईपर्यंत फक्त एक टक्क्याच्या आसपास द्रवाची वाफ होते. पण त्या तीसेक ग्रॅमची वाफ पन्नास लिटरहून जास्त जागा घेते, आणि बाहेर पडताना बाकीचं उकळतं कूलंट पुढे ढकलत नेते. टँक हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

भरणं आणि हवा काढणं

एक्सपान्शन टँक पूर्ण यंत्रणेतला सर्वांत उंच बिंदू आहे ना, हे विमान जमिनीवर उभं असताना आणि नाक चढाईइतकं वर केलेलं असताना, अशा दोन्ही स्थितींत तपासा. रेडिएटरची वरची कड किंवा होसचं एखादं वळण टँकच्या वर जात असेल तर तिथे हवा साठणारच. एक तर होसचा मार्ग बदला किंवा तिथे हवा सोडायचा स्क्रू बसवा.

इग्निशन बंद, चाकांना अडथळे. रेडिएटर, पंप आणि हेड यांतलं जुनं कूलंट सगळ्यात खालच्या जोडातून काढा आणि किती निघालं ते मोजा. नवं टाकताना हाच आकडा उपयोगी पडतो: तीन लिटर निघाले आणि अडीचच आत गेले तर अर्धा लिटर हवा अडकलेली आहे. बारीक धारेने टँकमधून भरा. प्रत्येक होस हाताने हळूहळू दाबत जा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मग इग्निशन बंदच असल्याची पुन्हा खात्री करून प्रॉपेलर फिरण्याच्या दिशेने हाताने दहा-पंधरा फेरे फिरवा आणि पुन्हा भरा. टँक काठोकाठ, बाटली दोन खुणांच्या मध्ये, कॅप घट्ट.

इंजिन मध्यम वेगावर ८० अंशांपर्यंत तापवा, बंद करा आणि पूर्ण निवू द्या. तासभर नव्हे, खरोखर थंड होईपर्यंत. बाटलीतली पातळी खाली आलेली दिसली पाहिजे. कॅप उघडून टँक पाहा, कमी असेल तर भरा. टँक भरलेला सापडेपर्यंत हे चक्र पुन्हा करा. सहसा दोनदा पुरतं. बाटलीतली पातळी हलतच नाही पण टँक मात्र रिकामा होत आहे, तर कॅपचा उलटा व्हॉल्व्ह किंवा नळी पाहा.

शेवटी थंड यंत्रणेवर टेस्टर लावून कॅपवर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्या, त्याहून जास्त नको, आणि पंधरा मिनिटं ठेवा. सुई हलायला नको.

पंप आणि त्याची ओढणारी बाजू

पूर्ण यंत्रणेत सर्वांत कमी दाब पंपाच्या तोंडाशी असतो, त्यामुळे उकळण्याची दुसरी जागा तीच. तिथे वाफ झाली की पंप वाफ घुसळत बसतो, प्रवाह घटतो, हेड तापतं, आणखी वाफ होते. हे चक्र एकदा सुरू झालं की काही सेकंदांत वाढतं. सुपरमरीनच्या टाइप २२४ या १९३४ सालच्या लढाऊ विमानात गॉसहॉक इंजिन मुद्दाम वाफेवर थंड केलं होतं. वाफ पंखाच्या पुढच्या कडेतल्या कंडेन्सरमध्ये निवायची आणि पाणी खालच्या टाक्यांत जमायचं. ते पाणी उकळबिंदूच्या इतकं जवळ असायचं की पंपाने ओढताच त्याची पुन्हा वाफ व्हायची. वाफेचा अप्रकट उष्मा (वाफ होताना शोषली जाणारी उष्णता) वापरायची कल्पना कागदावर फार मोहक आहे. ती पंपाच्या तोंडाशी अडते.

आपल्या कामाचा धडा साधा आहे. रेडिएटरकडून पंपाकडे येणारा होस कडक हवा, किंवा त्यात आतून स्प्रिंग हवी. मऊ पडलेला होस जमिनीवर ठणठणीत दिसतो आणि पूर्ण वेगावर आतल्या ओढीने चपटा होतो. चालत्या प्रॉपेलरजवळ वाकून पाहण्याचं धाडस करू नका. काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत लहान कॅमेरा पक्का बांधा आणि पूर्ण शक्तीचं चित्रण नंतर पाहा. ओढणाऱ्या बाजूच्या क्लॅम्पमधून द्रव गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून तिथे डाग शोधू नका, सगळे क्लॅम्प कसून पाहा. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक छिद्र असतं, त्यातून कूलंट टपकत असेल तर आतलं सील गेलं आहे. ते छिद्र बुजवू नका.

रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा

३० किलोवॅट उष्णता रेडिएटरने टाकायची आहे आणि हवा ३५ अंशांनी तापून बाहेर पडते असं धरलं, तर सेकंदाला ०.८५ किलो हवा लागते, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे ०.७ घनमीटर. ही हवा ढकलायला मिळणारा दाब फार थोडा असतो: ६५ नॉटला समुद्रसपाटीवर सुमारे ६८५ पास्कल, म्हणजे जेमतेम ७० मिलीमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. रेडिएटर आणि डक्ट (त्याच्याकडे हवा नेणारा बंदिस्त मार्ग) यांच्यामधली बोटभर फट यातला मोठा हिस्सा गिळते, कारण हवा रेडिएटरच्या पात्यांच्या जाळीतून जाण्यापेक्षा बाजूने निसटणं पसंत करते. चारही कडा फोम किंवा सिलिकॉन पट्टीने बंद करा. अंधारात डक्टच्या आत दिवा लावला की फटी दिसतात.

आत येणारं तोंड रेडिएटरच्या चेहऱ्यापेक्षा लहान आणि डक्ट हळूहळू रुंदावणारा असावा, म्हणजे हवा जाळीपाशी मंद होते आणि तिचा दाब वाढतो. तोंड मोठं केल्याने थंडावा वाढेल ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते. अडचण सहसा बाहेर पडणाऱ्या वाटेत असते. काउलिंगच्या आतला दाब वाढला की पुढून हवा शिरतच नाही. बाहेरच्या वाटेला खालून एक लहान ओठ लावून पाहा. एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ च्या सुमारास ब्रिटनमधल्या फार्नबरोमध्ये दाखवलं की नीट आखलेल्या डक्टमध्ये तापलेली हवा बाहेर पडताना रेडिएटरचा अवरोध बराचसा भरून काढते. लहान विमानात तेवढा लाभ मिळत नाही, पण डक्टकडे लक्ष द्यायला हे कारण पुरेसं आहे.

जाळी साफ करताना पाण्याची जोरकस धार मारू नका, पाती वाकतात. मागच्या बाजूने हलकी हवा मारा, कारण कीटक आणि गवत पुढून अडकलेलं असतं.

दोष कुठे आहे ते दोन सेन्सरवरून ओळखणं

रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या होसवर प्रत्येकी एक तापमान सेन्सर लावा. कायमचे नको असतील तर कमाल तापमानाची खूण राहणाऱ्या चिकटपट्ट्या चालतात. ३० किलोवॅट उष्णता, मिनिटाला साठ लिटर प्रवाह आणि ५०-५० मिश्रण असेल तर दोन्हींत सुमारे आठ अंशांचा फरक अपेक्षित आहे.

फरक पंधरा-वीसपर्यंत गेला तर प्रवाह कमी आहे: पंप, चपटा होस, अर्धवट उघडलेला थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), किंवा अडकलेली हवा. फरक आठच आहे पण दोन्ही आकडे वर आहेत, तर कूलंट आपलं काम करत आहे आणि हवा कमी पडते, डक्ट पाहा. काटा पाच-दहा अंश वरखाली उसळत असेल तर सेन्सरवरून वाफेचे किंवा हवेचे गोळे जात आहेत.

भरलेल्या यंत्रणेत पुन्हा पुन्हा हवा दिसते आणि गळती कुठेच नाही, तेव्हा हेडच्या सीलवर संशय घ्या. एकेका सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून डिफरेन्शियल कॉम्प्रेशन टेस्टरने (सिलिंडर किती हवा गळू देतो ते मोजणाऱ्या उपकरणाने) हवा भरा आणि उघड्या एक्सपान्शन टँकमध्ये पाहा. प्रॉपेलर दुसऱ्या व्यक्तीने घट्ट धरलेला असावा, कारण हवेच्या दाबाने तो झटका देतो. टँकमध्ये सलग बुडबुडे आले तर ज्वलनातला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. असं इंजिन उडवू नका.

गरम दिवसाचा अंदाज आधीच बांधता येतो. सलग चढाईत कूलंट बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश वर जातं ते लिहून ठेवा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असेल तर हा फरक जवळपास स्थिर राहतो. २५ अंशांच्या दिवशी १०० झालं असेल तर ४० अंशांच्या दिवशी ११५ धरा आणि राखीव अंश त्यावरून काढा.

हवेत काटा चढू लागला तर

आधी नाक खाली. ६५ वरून ७५ नॉट केले की हवेचा गतिक दाब तिसऱ्या हिश्शाने वाढतो, आणि यात इंजिनाचं काहीच बिघडत नाही. मग शक्ती कमी करा. इंधन-हवेचं मिश्रण हाताने बदलता येत असेल तर ते समृद्ध करा, म्हणजे इंधन वाढवा. रेडिएटरचा फ्लॅप असेल तर पूर्ण उघडा. काटा खाली येऊ लागला की टप्प्याटप्प्याने चढा.

काचेवर चिकट थर, गोडसर वास, मागे पांढरा पट्टा, किंवा काटा अचानक खाली आणि तेलाचं तापमान वर, यांतलं काहीही दिसलं तर कूलंट बाहेर पडतं आहे. शक्ती शक्य तितकी कमी ठेवा आणि इंजिन चालू असतानाच उतरण्याची जागा निवडा.

उतरल्यावर इंजिन साधं तापलेलं असेल आणि कूलंट शाबूत असेल तर दोन मिनिटं मंद वेगावर, नाक वाऱ्याकडे करून चालवा. एकदम बंद केलं की पंप थांबतो, हेडच्या धातूत साठलेली उष्णता उभ्या कूलंटमध्ये उतरते, आणि उड्डाणात न उकळलेलं कूलंट पार्किंगमध्ये उकळतं. कूलंट गेलेलं असेल तर मात्र लगेच बंद करा, आणि तापलेल्या हेडमध्ये थंड कूलंट ओतू नका, तडा जातो.

एकदा वाफेच्या चादरीपर्यंत गेलेलं हेड नुसतं कूलंट भरून पुन्हा उडवायचं नसतं. मॅन्युअलमधली अतितापानंतरची तपासणी पूर्ण करा: कॉम्प्रेशन, हेडचे बोल्ट, हेडच्या बैठकीचा सपाटपणा, व्हॉल्व्ह सीट, सगळे ओ-रिंग आणि होस. स्पार्क प्लगच्या पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार कण दिसले तर डिटोनेशन (सिलिंडरमधल्या इंधनाचा एकदम स्फोट) झालं आहे, आणि पिस्टनचे माथे पाहिल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू नका. कॅप मात्र जपून ठेवा आणि टेस्टरवर लावून ती किती दाबाला सुटते ते लॉगबुकात लिहा. कूलंट का उकळलं याचा शोध तिथून सुरू होतो.